माणसं आहेत, जाहिरात बदला!

सुट्ट्या जवळ आल्या की ग्रुपवर मालवण, अलिबाग, महाबळेश्वरचे प्लॅन शिजायला लागतात. तिथे गेल्यावर हॉटेलमालकाशी दोन मिनिटं गप्पा मारून बघा. रडगाणं ठरलेलं, 'कामाला माणसंच मिळत नाहीत हो!'

खरंच मिळत नाहीत? मग त्यांची जाहिरात वाचा. तरुण मुलं हवीत, इंग्रजी यायला हवं, तिथेच राहायची तयारी हवी, वेळेचं बंधन नाही. झालं! या एका ओळीत गावातली लेकुरवाळी बाई, निवृत्त मास्तर आणि ऐकू न येणारा पदवीधर, तिघंही बाद.

यांना जमेल का, असं विचारणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जावं. तिथल्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं त्यांच्याच हातात आणि माहितीही त्याच सांगतात. मुंबईत पवईला २०१५ मध्ये 'मिर्ची अँड माइम' सुरू झालं, तेव्हा ऑर्डर घेणारी सगळी मुलं कर्णबधिर होती. मेनूकार्डात पदार्थाशेजारी खूण छापलेली, ती करून दाखवायची. 'लेमन ट्री' हॉटेलांनी तर २००७ पासूनच कर्णबधिरांना नोकऱ्या द्यायला सुरुवात केली.

या सगळ्यांनी आधी कामाची पद्धत बदलली, म्हणून माणसं टिकली. मुलं शाळेत असताना करता येईल अशी पाच तासांची शिफ्ट, रात्री घरी सोडायला गाडी, बसून करता येणारं बुकिंगचं काम यासाठी फार मोठी गुंतवणूक लागत नाही. मात्र एक धोका आहे. 'बायका कमी पैशांत येतात' हा हिशोब करून कुणी भरती करणार असेल, तर ती संधी नव्हे, पिळवणूक. काम तेच, तर पगारही तोच हवा.

तुमच्यापैकी हॉटेल मॅनेजमेंट, ट्रॅव्हल-टुरिझम किंवा बीएमएस करणारे उद्या हीच जाहिरात लिहिणार आहेत. तेव्हा जुनी जाहिरात कॉपी-पेस्ट करू नका. आणि बाकीच्यांनो, पुढच्या ट्रिपला एखाद्या काकूंनी चहा आणायला पाच मिनिटं जास्त घेतली, तर लगेच मोबाइल काढून एक स्टार देऊ नका. नाहीतर मालक पुन्हा तीच जुनी जाहिरात छापायला मोकळा!