पहिल्या सीटिंगआधीचा अर्धा तास

तुळशीची लग्ने लागली की त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत आणि लेसर सेंटरमध्ये एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. लग्न मार्गशीर्षात आहे, हात-पाय, काखा आणि वरचा ओठ तोवर कायमचे साफ होतील ना? बहुतेकींनी पॅकेजची जाहिरात मोबाइलवर पाहिलेली असते, चार ठिकाणी दर विचारून झालेले असतात, डॉक्टरांकडून आता फक्त तारीख हवी असते. डायरीत जागा असेल तर ती मिळतेही. उपचार बिघडायला इथेच सुरुवात होते, कारण साधा हिशेब कोणी मांडून दाखवलेला नसतो. अंगावरच्या केसांसाठी दोन सीटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. सहा सीटिंग धरल्या तर मधली पाच अंतरे मिळून ३० ते ४० आठवडे होतात. मार्गशीर्षातल्या लग्नासाठी नवरीने फाल्गुनात, फार तर वैशाखात यायला हवे होते. उशिरा आलेल्या मुलीला लग्नापुरते वॅक्सिंग करून घ्यायला सांगावे आणि लेसर नंतर निवांत सुरू करावे. हा सल्ला पहिल्या फोनवरच द्यायला हवा.

ही अंतरे कोणी सोयीसाठी ठरवलेली नाहीत. लेसरचा प्रकाश केसातले मेलॅनिन शोषते, त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाशी व बाजूच्या मूलपेशींपर्यंत पोचली तरच पुढचा केस थांबतो. वाढीच्या अवस्थेतला, म्हणजे ॲनाजेनमधला केसच हे काम नीट करतो. कोणत्याही दिवशी एखाद्या भागातले काही केसच त्या अवस्थेत असतात, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत लेसरच्या हाती लागत नाहीत. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये निवडक उष्णतेचे हे तत्त्व मांडले. पुढे १९९६ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील गटाने रुबी लेसरने केसांची मुळे निकामी होतात हे प्रसिद्ध केले. गोरी त्वचा आणि काळा केस, हा त्या सुरुवातीच्या कामाचा आदर्श पेशंट होता. आपल्या ओपीडीत येणारी पेशंट तशी नसते, आणि पुढचे बहुतेक प्रश्न या एका फरकातून निघतात.

प्रामाणिकपणे किती आश्वासन देता येते? अमेरिकेच्या एफडीएने याची मर्यादा स्पष्ट आखून दिली आहे. उपचारांची मालिका संपल्यावर पुन्हा उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहिली पाहिजे. हा काळ केसांच्या पूर्ण वाढचक्रापेक्षा, म्हणजे जागेनुसार चार ते बारा महिन्यांपेक्षा, मोठा असला पाहिजे. प्रत्येक केस जाईल, असा दावा त्यात कुठेही नाही. उरलेले केस सहसा बारीक आणि फिके असतात, आणि वर्षाकाठी एखाद-दुसरी मेंटेनन्स सीटिंग लागू शकते. पैसे भरण्याआधी हे ऐकलेली पेशंट दुसऱ्या वर्षी चार केस दिसले म्हणून फसवणुकीची तक्रार घेऊन येत नाही.

आता त्वचेकडे वळू. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवले ते पुवा उपचाराचा डोस काढण्यासाठी, आणि मूळ वर्गीकरण गोऱ्या त्वचेचेच होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडचे बहुसंख्य पेशंट चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. त्यांच्या वरच्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते आणि केसासाठी सोडलेली ऊर्जा ते वाटेतच खाऊन टाकते. म्हणून १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सावळ्या त्वचेवर सर्वांत सुरक्षित, पण बारीक केसांवर तो दुबळा पडतो. ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड, लांब पल्स आणि थंड टिप घेऊन, बहुतेक ठिकाणी मधला मार्ग ठरतो. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट प्रभावी आहे खरा, पण आपल्या त्वचेवर चुकीला फार जागा सोडत नाही. आयपीएल हे तर लेसर नव्हेच. तरीही आयपीएल वापरणाऱ्या कित्येक ठिकाणी पाटीवर लेसर लिहिलेले दिसते. पेशंटला कोणते यंत्र वापरणार हे सांगणे हा शिष्टाचाराचा नव्हे, हक्काचा भाग आहे.

यंत्राइतकेच ऊनही महत्त्वाचे. रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईचा दंड आणि मनगट शेजारी ठेवून पाहा. एकाच हातावर त्वचेच्या दोन वेगळ्या छटा असतात. दंडावर जो फ्लुएन्स सहज चालला तोच मनगटापर्यंत ओढत नेला की फोड येतात आणि महिनोन्महिने न जाणारे काळे डाग उरतात. टॅन उतरेपर्यंत थांबणे, सनस्क्रीन आणि प्रत्येक भागाचा वेगळा टेस्ट पॅच, यांत वेळ जातो. तो जाऊ द्यावा.

सीटिंगच्या दिवशी नेमके काय होते, हेही पेशंटला आधी कळले पाहिजे. आदल्या दिवशी केस वस्तऱ्याने काढलेले. चेहऱ्यावर क्रीम, पावडर, काजळ काही नाही. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचाच गॉगल. थंड जेल, हँडपीसचा गारवा, मग रबर बँड ओढून सोडावा तसा चटका आणि जळक्या केसांचा वास. पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या तोंडाशी मोहरीएवढा उंचवटा आणि भोवती लालसर कडे उमटते. हीच आपल्याला हवी असलेली खूण. त्वचा राखाडी किंवा पांढरट दिसू लागली, किंवा हँडपीस उचलल्यावरही आग होत राहिली, तर तिथेच थांबायचे. जळालेल्या केसांचा धूर खोलीत राहू देऊ नये. त्यात बेंझिन आणि टोल्युइनसारखी अपायकारक द्रव्ये आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि पेशंट तो वर्षातून सहा वेळा हुंगते, ऑपरेटर रोज. स्मोक इव्हॅक्युएटर ही चैन राहिलेली नाही.

लाली काही तासांत, फार तर दोन दिवसांत ओसरते. आठव्या-दहाव्या दिवशी मात्र हमखास फोन येतो, ‘केस परत आले.’ ते आलेले नसतात. मुळापासून सुटलेले केस वर सरकत बाहेर पडत असतात आणि एक ते तीन आठवड्यांत गळतात. हे आधी सांगितले तर पेशंटला धीर येतो. नंतर सांगितले तर ती सारवासारव वाटते.

पार्लर बंद करायला सांगणे हा या उपचारातला सर्वांत अवघड भाग आहे. वॅक्सिंग आणि थ्रेडिंगने केस मुळासकट निघतो, मग लेसरला लक्ष्यच उरत नाही. चार ते सहा आठवडे ते बंद ठेवायचे. हनुवटीवर दर दहा दिवसांनी थ्रेडिंग करणाऱ्या मुलीला आपण काय मागतो, याचा विचार व्हायला हवा. केस दिसत असताना कॉलेजला, ऑफिसला जा, असे आपण तिला सांगत असतो. वस्तरा चालतो, म्हटले की सोबत आलेली आई घाबरते. मुलीच्या जातीने गालाला ब्लेड लावायचे? केस राठ होणार नाहीत? वस्तरा केसाच्या मुळापर्यंत पोचतच नाही, तिरपा कापलेला केस फक्त खरखरीत लागतो, हे त्या आईला नीट समजावून सांगण्यात पाच मिनिटे गेली तर ती सत्कारणी लागली. घरची तयारी नसेल तर ती मुलगी गुपचूप थ्रेडिंग करत राहते आणि सहा सीटिंग वाया जातात.

चेहऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. हनुवटी, गळा, कानशिलाखालचा भाग इथे जाड केस घेऊन आलेल्या मुलीला पाळीबद्दल विचारल्याशिवाय हँडपीस हातात घेऊ नये. फेरिमन आणि गॅलवे यांनी १९६१ मध्ये दिलेली गुणपद्धत सुधारित रूपात आजही कामाची आहे, आणि पीसीओएसच्या निदानासाठी रॉटरडॅमचे २००३चे निकष आहेत. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या कडेचे केस मागे हटले, तर लेसरचा विषय बाजूला ठेवून टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस आणि सोनोग्राफीसाठी त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी. अँड्रोजेन बनवणारी गाठ क्वचित सापडते, पण सापडते. साध्या पीसीओएसमध्येही लेसर आजचे केस घालवतो आणि अँड्रोजेन उद्याची लव जाड करत राहते. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट सोबत नसेल तर अशा पेशंटला सहा सीटिंगचा आकडा सांगणे चूक आहे.

आणि काही वेळा लेसरनेच केस वाढतात. स्पेनमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये आयपीएलनंतर केस वाढलेल्या स्त्रिया नोंदवल्या. त्यानंतरच्या निबंधांत हे प्रमाण ०.६ ते १० टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. मुख्यतः चेहरा आणि मान, सावळी त्वचा, सोबत हार्मोन्सचा बिघाड. म्हणजे आपल्या ओपीडीत चेहऱ्यासाठी येणाऱ्या तरुणीचेच वर्णन. मुळे निकामी करण्याइतकी उष्णता पोचली नाही की ती त्यांना उलट जागे करते, असा एक तर्क आहे. गालावरच्या मऊ लवेला लेसर मारू नये, ही शिस्त त्यामुळे पाळलीच पाहिजे. तरी ‘फुल फेस’ पॅकेज सर्रास विकले जाते आणि त्यात गालाची लवही येते. आपल्या व्यवसायातल्या अनेक चुका दुरुस्त होतात, ही सहजी होत नाही, कारण वाढलेले केस घेऊन ती मुलगी पुढची कित्येक वर्षे आरशात पाहत असते. हा धोका कन्सेंट फॉर्मवर ठळक अक्षरांत, मराठीत लिहिलेला असावा आणि वाचून दाखवावा.

भुलीच्या क्रीमबद्दल एकच सांगायचे, पण ते जिवाशी निगडित आहे. लेसरआधी पायांना क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि दगावल्या. एफडीएने २००७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. लिडोकेन आणि टेट्राकेन तीव्र प्रमाणात मिसळून ती क्रीम बनवलेली होती. आपल्याकडे आजही पेशंटला ‘घरून लावून या’ म्हणून ट्यूब लिहून दिली जाते. ओठासारख्या छोट्या जागी, दवाखान्यात, आपल्या डोळ्यांदेखत लावावी. संपूर्ण पायांसाठी मुळीच नको.

भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीच्या आत लेसर नेऊ नये, बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पिकलेल्या केसांवर लेसर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस. तीळ झाकावेत. आयसोट्रेटिनॉइन चालू असले तर सहा महिने थांबवण्याचा जुना नियम केसांच्या लेसरपुरता २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या गटांनी मागे घेतला, हे अजून अनेकांपर्यंत पोचलेले नाही. आणि दाढीचे केस काढायला येणाऱ्या ट्रान्स स्त्रियांसाठी हा उपचार नटण्यामुरडण्याचा भाग नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये विम्याच्या तरतुदीत लेसर उपचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या दाट केसांना सीटिंग जास्त लागतात आणि दुखतेही जास्त. तेही आधीच सांगावे.

हँडपीस कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेत १९९९ ते २०१२ या काळातल्या त्वचेवरील लेसरच्या इजांचे १७५ दावे तपासणारा अभ्यास ‘जामा डर्मॅटॉलॉजी’ने प्रसिद्ध केला. त्यांत सर्वाधिक वेळा येणारी प्रक्रिया केसांच्या लेसरचीच होती, आणि यंत्र चालवणारी व्यक्ती डॉक्टर नसल्याच्या दाव्यांचा वाटा २००८ मधल्या ३६.३ टक्क्यांवरून २०११ मध्ये ७७.८ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे आयएडीव्हीएलने २००८ मध्येच या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे छापली आहेत. त्याच वर्षी समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती म्हणजे काय, हे सांगितले. नुसती सही पुरत नाही. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने नोंदी तीन वर्षे जपण्याची अट दाखल रुग्णांसाठी घातली आहे, तरी प्रत्येक सीटिंगचा फ्लुएन्स, पल्स, स्पॉट साइज आणि फोटो यांची नोंद तितकाच काळ जपावी. मागितलेल्या नोंदी ७२ तासांत देणे, ही त्याच संहितेची अट आहे. केसांचे लेसर तिला अपवाद नाही.

लेसरनंतर केस वाढलेल्या पेशंटच्या नोंदी आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे असतील. बहुतेक त्या फाइलमध्येच पडून आहेत. पेशंटची लेखी परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील वगळून त्या या मासिकाकडे पाठवाव्यात. यंत्र, सेटिंग, शरीराचा भाग, हार्मोन्सचे रिपोर्ट आणि नंतर काय केले, एवढे जरूर लिहावे. आपल्या त्वचेबद्दलची ही माहिती आपल्यालाच गोळा करावी लागेल.