आव्हिन्योंचा प्रासाद आणि सेक्युलर शब्दाचे माहेर

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीकाठी आव्हिन्यों हे नगर आहे. 14 व्या शतकात पोपचे वास्तव्य रोमला नव्हे, येथे होते. तो प्रासाद आजही उभा आहे. तिकीट काढून आत शिरणाऱ्या भारतीय प्रवाशास पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे धर्मपीठ की एखाद्या सम्राटाचा दुर्ग? उत्तुंग तटबंदी, बुरूज, खजिन्याच्या दालनात फरशीखाली धन दडविण्याच्या गुप्त जागा. पोपच्या खासगी अभ्यासिकेच्या भिंतींवर चित्रे आहेत ती शिकारीची आणि मासेमारीची!

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप आणि पोप आठवे बोनिफेस यांच्यात वर्चस्वाचा संघर्ष पेटला. 1303 मध्ये राजाच्या माणसांनी वृद्ध पोपला अनान्यी येथे पकडले; सुटकेनंतर थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. 1309 मध्ये पाचवे क्लेमंट आव्हिन्योंस आले आणि 1377 पर्यंत एकामागून एक सात पोप येथे नांदले. सातही फ्रेंच. 1348 मध्ये सहाव्या क्लेमंटनी हे नगरच नेपल्सच्या राणीकडून 80,000 फ्लोरिनांना विकत घेतले. त्याच वर्षी प्लेगचे खापर ज्यूंवर फोडले जात असता त्यांना अभय देणारी आज्ञापत्रेही याच पोपने काढली, हे श्रेय नाकारता येणार नाही. पुढे 1378 पासून एकाच वेळी दोन पोप झाले, काही काळ तर तीन! 1398 मध्ये पोप म्हणविणाऱ्या तेराव्या बेनेडिक्टला याच प्रासादात सैन्याने वेढा घातला.

महाराष्ट्राशीही या नगराचा एक धागा जुळतो. 1321 मध्ये ठाण्यास आलेला धर्मप्रसारक जॉर्डानस यास 1329 मध्ये बाविसाव्या जॉननी आव्हिन्योंहून केरळातील कोल्लमचा बिशप नेमले. प्रासादाचे बांधकाम तेव्हा सुरूही झाले नव्हते. पण कोल्लमचे धर्माधिकारपद येथून बहाल झाले होते.

सेक्युलॅरिझम ही युरोपची गरज का ठरली, ते या भिंती सांगतात. जेथे धर्मगुरूच राजा होता, कर वसूल करीत होता, नगरे विकत घेत होता, तेथे राज्याला त्याच्यापासून सोडविणे भागच होते. फ्रान्सने 1905 मध्ये तसा कायदा केला. भारतात सर्व हिंदूंवर हुकूम चालविणारे एकच पीठ कधी नव्हते. अस्पृश्यतेसारखे घोर अन्याय होते. त्यांविरुद्ध संतांनी आणि सुधारकांनी झुंज दिली ती समाजात राहून. तरीही येथील विद्वान हिंदू परंपरेकडे पाहतात ते युरोपच्या चष्म्यातून. त्यांनी एकदा आव्हिन्योंचे तिकीट काढावे आणि खजिन्याच्या दालनातील ती फरशी अवश्य पाहावी.