आधी अट, मग चमत्कार

स्कारबरोत मार्कहॅम रोडवरच्या देशी किराणा दुकानात तुम्ही आईबाबांबरोबर गेला असाल. सामान घेऊन बाहेर पडताना दाराजवळचा फलक आठवून पाहा. बेसमेंट भाड्याने देणे आहे, गाण्याचा क्लास, घरगुती डबा, आणि त्या गर्दीत एक रंगीत कागद: चेहरा पाहून भविष्य सांगतो, नजर काढतो, करणी उतरवतो, शंभर टक्के खात्री. खाली फोन नंबर.

तुमच्यापैकी काही जण तो कागद पाहून हसतात. काही जणांच्या घरातून त्या नंबरवर फोनही जातो. माझं म्हणणं दोघांनाही आहे. नुसतं हसू नका आणि लगेच विश्वासही ठेवू नका. कोणी म्हणालं, "माझ्याकडे शक्ती आहे," तर शांतपणे म्हणा, "छान! मग परीक्षा घेऊया का?"

परीक्षा घेणं सोपं वाटतं, पण ते तसं नसतं. हे मला आमच्याच ऑनलाइन वर्गात कळलं.

एकदा मी मुलांना म्हटलं, "मी चाळीस वेळा नाणं उडवणार. छापा आला की काटा, ते तुम्ही ओळखून लिहा." नुसता अंदाज केला तर साधारण वीस बरोबर यायला हवेत. बहुतेकांचे सतरा ते तेवीस आले. एका मुलाचे मात्र एकतीस आले! नुसत्या नशिबाने असं हजारात एकदासुद्धा होत नाही. सगळे ओरडायला लागले, "ताई, ह्याला मनातलं कळतं!"

तो मुलगा जरा वेळ ऐटीत बसला. मग हसत म्हणाला, "ताई, तुम्ही छापा आला की उभी रेघ काढता आणि काटा आला की गोल काढता. कागद दिसत नाही, पण पेनाचं वरचं टोक हलताना दिसतं."

बघा, मीच नकळत उत्तर सांगत होते! दुसऱ्या फेरीत आम्ही नियम बदलला. आधी सगळ्यांनी चाळीसही उत्तरं लिहून पाठवायची, मग मी नाणं उडवायचं. या वेळी त्याचे अठरा आले.

'नियंत्रित परीक्षा' म्हणतात ती हीच. उत्तर पोहोचण्याच्या बाकी सगळ्या वाटा बंद करायच्या. त्यानंतरही उत्तर बरोबर आलं, तरच ती शक्ती.

आता याहून मोठी परीक्षा पाहू. ती 2008 मध्ये पुण्यात सुरू झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. घाटपांडे यांनी आधी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केला होता, म्हणजे ज्योतिषी काय म्हणतात हे त्यांना आतून माहीत होतं.

कुंडली म्हणजे आपल्या जन्माच्या वेळी आकाशात ग्रह कुठे होते, याचा नकाशा. कुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते, असा ज्योतिषांचा दावा असतो. म्हणून 200 मुलांची जन्मवेळ आणि जन्मठिकाण गोळा केलं. त्यातली 100 मुलं शाळेत हुशार म्हणून निवडलेली होती आणि 100 मुलं बौद्धिक दिव्यांग होती. सगळ्या कुंडल्या एकमेकींत मिसळून सुरक्षित ठेवल्या. ज्योतिषांना आवाहन केलं: या, भाग घ्या. प्रत्येकाला 40 कुंडल्या मिळणार. त्यातलं कोणतं मूल हुशार आणि कोणतं दिव्यांग, एवढंच सांगायचं. कोणती कुंडली कोणाची, हे ज्योतिषांना माहीत नव्हतं आणि कुंडल्या देणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या पेनासारखी चूक तिथे होणार नव्हती.

51 ज्योतिषी तयार झाले. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांची मिळून सरासरी आली 46 टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी 50 टक्क्यांच्या आसपास आली असती! सगळ्यात चांगल्या ज्योतिषाची 40 पैकी 24 उत्तरं बरोबर होती. हा आकडा मोठा वाटतो ना? पण 27 जणांनी नाणं उडवलं, तर त्यांतल्या एखाद्याचे 24 सहज येतात. 28 किंवा जास्त आले असते, तर आपण नक्की कान टवकारले असते, कारण नुसत्या अंदाजाने तसं व्हायची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. हा निकाल 2009 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

यावर कोणी म्हणेल, "एका परीक्षेने सगळं ज्योतिष खोटं ठरतं का?" प्रश्न योग्य आहे. या परीक्षेने एकच दावा तपासला: कुंडलीवरून मुलाची बुद्धी कळते का? त्या दाव्याचं उत्तर मिळालं. दुसरा दावा असेल, तर दुसरी परीक्षा घेऊ. 'सगळं' एकदम तपासता येत नाही. म्हणूनच दावा छोटा आणि स्पष्ट हवा. "तुझ्या आयुष्यात मोठा बदल येणार आहे" हा दावाच नव्हे. बदल कोणाच्या आयुष्यात येत नाही?

पुणे लांब वाटत असेल, तर आपल्या जवळ या. चमत्कारांची परीक्षा घेणारा जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस आपल्याच टोरंटोत जन्मला, 1928 मध्ये. त्यांचं नाव जेम्स रँडी. ते जादूगार होते. ते सांगायचे, की लहानपणी टोरंटोतल्या एका चर्चमध्ये त्यांनी एका माणसाला बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या न उघडता 'वाचताना' पाहिलं. युक्ती त्यांच्या लगेच लक्षात आली. पाकीट कपाळाला लावायचं, काहीतरी सांगायचं, मग खात्री करायची म्हणून ते उघडायचं. पण तेव्हा आत जे वाचलं, ते सांगायचं पुढच्या पाकिटाच्या वेळी! पहिल्या वेळी मदतीला आपलाच एखादा माणूस गर्दीत बसवलेला असतो.

पुढे रँडींनी आव्हान दिलं: अलौकिक शक्ती सिद्ध करा आणि बक्षीस न्या. सुरुवातीला 1964 मध्ये ते 1000 डॉलर होतं, नंतर ते वाढत वाढत 10 लाख डॉलर झालं. महाराष्ट्रातही दाभोलकरांच्या समितीने चमत्कार सिद्ध करणाऱ्याला 21 लाख रुपयांचं आव्हान दिलं. ही दोन्ही बक्षिसं कोणालाच जिंकता आली नाहीत.

रँडींच्या आव्हानातली एक अट मला फार आवडते. परीक्षा कशी घ्यायची, किती उत्तरं बरोबर आली म्हणजे पास, हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करायचं. दावा करणाऱ्याने हो म्हटल्यावरच परीक्षा सुरू. यात कोणाचा अपमान आहे का? उलट, त्या माणसाचं म्हणणं आपण मनापासून ऐकून घेतलं. हसणारा माणूस एवढा वेळ देत नाही आणि डोळे मिटून मान डोलावणाराही देत नाही.

आणि हे सगळं फक्त खेळासाठी नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात आजीला सारखी चक्कर यायची. फोनवरचा एक माणूस म्हणाला, "घराला करणी लागली आहे." आधी 51 डॉलर घेतले, मग 500, मग आणखी. पैसे गेलेच. पण त्या नादात डॉक्टरांकडे जायला दोन महिने उशीर झाला, आणि त्याचं दुःख त्या घराला जास्त आहे. त्या काकूंना मी मूर्ख म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी 'खात्री' देतो, तेव्हा ती हवीशी वाटते. अशा वेळी घरात एक तरी माणूस "आधी परीक्षा घेऊया" असं प्रेमाने म्हणणारा हवा.

तो माणूस तुम्ही होऊ शकता. आजीच्या देवघराशी वाद घालायची गरज नाही. ती दिवा लावते, त्याने तिला बरं वाटतं. त्यात ती कोणाला फसवत नाही आणि कोणी तिला लुबाडत नाही. दाभोलकरही म्हणायचे, की आपला देवाला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत एका माणसाने एवढी मोजली आहे. आपल्याला तर फक्त थोडा धीर हवा, आणि थोडी चांगली मराठी: "आजी, तो म्हणतो ते खरंही असेल. पण पैसे द्यायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारू का?"

शब्दार्थ
दावा: "हे असंच आहे" किंवा "मी हे करू शकतो" असं ठामपणे सांगणं
करणी: कोणीतरी मंत्र-तंत्राने आपलं वाईट केलं, अशी समजूत
कान टवकारणे: एकदम लक्ष देऊन ऐकणे
शोषण: दुसऱ्याच्या भीतीचा किंवा गरजेचा फायदा घेणे

विचार करा आणि लिहा
1. पहिल्या फेरीत ताईंची काय चूक झाली? दुसऱ्या फेरीत ती कशी सुधारली?
2. "तुला लवकरच चांगली बातमी मिळेल." हे वाक्य तपासता येईल असं बदलून लिहा.
3. तुमच्या घरी कोणी म्हणालं, "मला आधीच कळलं होतं!" तर तुम्ही कोणती परीक्षा घ्याल? आधी अट लिहा: किती बरोबर आले म्हणजे पास?