सूत सीमेवर अडलं, वेचणारीला कुणी विचारलं?

एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशाचा माल आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशांत पाठवण्याची सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारतीय सूत बंद केलं. १७ मे रोजी भारताचं उत्तर आलं: बांगलादेशी तयार कपडे आता फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच येतील. ऑगस्टमध्ये तर सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही काही काळापुरतं उठवलं होतं.

गिरणीमालक बोलले, निर्यातदार बोलले. शेतकरी संघटना भावासाठी बोलल्या, आणि ते रास्तच होतं. पण सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या आमच्या आयाबहिणींचं नाव कुणी घेतलं का?

त्यांची मजुरी किलोवर. कापसाचा भाव चढला म्हणून वेचणीचा दर आपोआप चढत नाही. भाव पडला की मात्र ‘औंदा परवडत नाही’ हे पहिलं त्यांनाच ऐकावं लागतं. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण हमीभाव सातबारा दाखवून मिळतो. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांनी काय दाखवायचं?

बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात हेच दाखवून दिलं होतं. रुपया घसरला की निर्यातदाराला नफा दिसतो. पण महागाई वाढते, मजुरी तिच्या मागे राहते, म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून जातो. शंभर वर्षांनंतरही व्यापाराच्या चर्चेत मजूर कुठे आहे?

काही जण या वादात आपल्या पोरांच्या हाती बांगलादेशद्वेष देतील. तो घेऊ नका. ढाक्यात शिलाई मशीनवर बसलेली बाईही मजूरच आहे. तिची मजुरी बुडाल्याने आपल्या आईची वाढत नाही.

म्हणून हिंगोलीच्या कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. १९४८ च्या कायद्यापासून शेतमजुराला किमान वेतनाचा हक्क आहे. यंदा वेचणीच्या हंगामात गावोगाव दर लिहून काढा, दिवसाची मजुरी किती पडते ते मोजा आणि तो कागद घेऊन कामगार कार्यालयात जा. हमीभावाच्या प्रत्येक मोर्चात दुसरी मागणी आपली असू द्या: कापसाला भाव, तसा वेचणीलाही भाव!

जय भीम!