फाइलीला कडी लावली का?

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. तेव्हा मी नोकरीत होते आणि धुळ्याला मावशीकडे फराळावर ताव मारत होते. लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवून गच्चीवर गेले. मावसभावाला शाळेचं प्रोजेक्ट टाइप करायचं होतं, त्यानं वर्ड उघडलं. बिचाऱ्यानं काही शोधलं नाही. 'रिसेंट'च्या यादीत सगळ्यात वर माझीच फाइल होती : 'राजीनामा_फायनल'.

दुसऱ्या दिवशी मी जळगावची एसटी पकडली. पारोळा, एरंडोल करत घरी पोचले, तर बातमी माझ्याआधी हजर! दारातच आई म्हणाली, "नोकरी सोडतेयस म्हणे?"

ते टेन्शन दोन दिवसांत निवळलं. खरा घाम फुटला तो रात्री. त्याच यादीत तिसऱ्या नंबरवर एका बाईंच्या मुलाखतीच्या नोट्स होत्या. घरात होणाऱ्या मारहाणीबद्दल त्या माझ्याशी बोलल्या होत्या, नाव न छापण्याच्या अटीवर. लेखात मी नाव बदललं होतं. फाइलीत मात्र खरं नाव, गाव, सगळं जसंच्या तसं. माझं गुपित फुटलं तर मी बोलणी खाणार. त्यांचं फुटलं असतं तर?

"पण लॉगिनला पासवर्ड आहे ना!" असं तुम्ही म्हणाल. बॉस, तो दाराचा नुसता पडदा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, की सगळ्या फाइली आरामात वाचता येतात. 'न्यू फोल्डर (३)'च्या पोटात लपवूनही उपयोग नाही, सर्च कशासाठी असतो?

मग मी जाम अभ्यास करून तीन गोष्टी केल्या. पहिली, अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन चालू केलं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. विंडोज होमवाल्यांनी सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतंय का बघा. दुसरी, नाजूक नोट्ससाठी व्हेराक्रिप्टची वेगळी तिजोरी केली. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पासवर्ड दिला की तिजोरी एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते, काम झालं की बंद करायची. एक मात्र लक्षात ठेवा, तिजोरी उघडी असताना डिस्कचं कुलूपही उघडंच असतं. म्हणून तिसरी गोष्ट : पाहुण्यांसाठी वेगळं अकाउंट, आणि खुर्चीतून उठताना विंडोजचं बटण अधिक 'एल'. एका सेकंदात स्क्रीन लॉक.

हे सगळं आईला कौतुकानं दाखवलं, तर ती म्हणाली, "एवढं कडीकुलूप कशाला? बहिणाबाईंच्या ओव्या अशा कुलपात राहिल्या असत्या तर?"

जळगावात राहून बहिणाबाईंवरून वाद घालायचा नसतो. पण मी घातला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, वहीत उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे वही कुणाला दाखवायची, हे विश्वासातल्या माणसानं विचार करून ठरवलं. माझी फाइल शाळेच्या प्रोजेक्टच्या नादात उघडली गेली. फरक आहे की नाही?

तरी आईचा अर्धा मुद्दा मला पटला. ती वही नसती, तर गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली असती. कुलपाचंही तसंच. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरलात, तर तो परत मिळवून देणारं कस्टमर केअर नसतं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवा आणि तो कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी कीही तिथेच. तिजोरीची एक कॉपी पेन ड्राइव्हवर, तीही कुलूपबंदच. आणि जुन्या उघड्या फाइली डिलीट करताना रिसायकल बिनही रिकामा करा.

मागच्या महिन्यात पुन्हा धुळ्याला गेले होते. मी टाइप करत बसलेली बघून मावशीनं विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी व?"

"काही नाही गं मावशी," म्हणत मी चहाला उठले. उठता उठता बोट 'एल'वर गेलंच.