गोळ्या-चॉकलेटांची दुकाने आणि आपली पाटी

सन 2022 च्या जुलै महिन्यात कौटुंबिक कारणाने लंडनला जाण्याचा योग आला. भाच्यासमवेत ऑक्सफर्ड स्ट्रीट या सुप्रसिद्ध बाजाररस्त्यावरून फेरफटका मारीत असता एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडली. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या, जगातील अत्यंत महागड्या गणल्या जाणाऱ्या त्या रस्त्यावर, दर काही पावलांवर अमेरिकन गोळ्या-चॉकलेटांचे भडक रंगांचे एकेक दुकान! दिवे झगझगीत, माल छतापर्यंत रचलेला; ग्राहक मात्र मोजकेच. "मामा, एवढ्या भाड्यात यांना हे परवडते कसे?" हा भाच्याचा प्रश्न. तोच प्रश्न त्या वेळी सारे लंडन विचारीत होते.

आपल्या त्रैमासिकात लंडनच्या खाऊच्या दुकानांचे प्रयोजन काय, अशी शंका सुज्ञ वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन पुढे होईल. प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू.

महामारीच्या काळात त्या रस्त्यावरील टॉपशॉप, डेबेनहॅम्स यांसारखी मोठी दुकाने बंद पडली. गाळे ओस पडले. तेथील कायद्यानुसार दुकानाचा गाळा रिकामा राहिल्यास पहिले तीन महिने स्थानिक करात सवलत मिळते. त्यानंतर कराचा संपूर्ण भार मालकावर येतो. गाळ्यात भाडेकरू बसला की तोच भार भाडेकरूकडे जातो. साहजिकच काही मालकांनी नाममात्र भाड्यावर, मिळेल त्या भाडेकरूला जागा दिली. हे भाडेकरू कोण? बहुधा नव्याने नोंदलेल्या कंपन्या. त्या काळी ब्रिटनमध्ये अवघ्या 12 पौंडांत कंपनी नोंदविता येत असे आणि संचालकाची ओळख पडताळण्याचे बंधन नव्हते. कराची मागणी येईपर्यंत कंपनी विसर्जित व्हावी आणि त्याच गाळ्यात दुसऱ्या नावाची कंपनी उभी राहावी, असा हा क्रम.

जून 2022 मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपरिषदेने सुमारे 30 दुकानांची चौकशी चालू असल्याचे व सुमारे 79 लाख पौंडांचा कर बुडविला गेल्याचा संशय असल्याचे जाहीर केले. छाप्यांत बनावट वोंका चॉकलेटे आणि नियमबाह्य ई-सिगारेटी सापडल्या. तत्पूर्वीच ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने बनावट वोंका चॉकलेटांविषयी इशारा दिला होता की, वेष्टनावर अधिकृत उत्पादकाचे चिन्ह नसेल तर आत काय आहे याची शाश्वती नाही. ज्यांना विशिष्ट अन्नघटकांचे वावडे आहे, त्यांच्या तर ते जिवावरही बेतू शकते.

काळा पैसा पांढरा करण्याचा संशयही जाहीरपणे व्यक्त झाला. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संशय म्हणजे सिद्धता नव्हे, आणि प्रत्येक दुकानदार लबाड होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, ज्या प्रामाणिक व्यापाऱ्याने कर भरून, चोख माल ठेवून गोळ्या विकल्या, त्याच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले.

वैद्याच्या दृष्टीने पाहता ती दुकाने हे केवळ लक्षण होते. हेतू दोन. एक, रिकाम्या गाळ्याच्या कराची रचना आणि दुसरा, निनावी राहू देणारी कंपनी नोंदणी. लक्षणावर लेप लावून व्याधी जात नाही. निदानपरिवर्जन करावे लागते. ब्रिटनने 2023 मध्ये आर्थिक गुन्ह्यांविषयीचा नवा कायदा केला आणि 18 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संचालकांना ओळख पडताळणी सक्तीची झाली. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरही पालट होत आहे. एचएमव्हीच्या ज्या जुन्या जागेत मध्यंतरी खाऊचे दुकान थाटले होते, तेथे नोव्हेंबर 2023 मध्ये एचएमव्ही परतले.

आता आपल्या अंगणात येऊ. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक साठीच्या आजी आल्या. चेहरा सुजलेला, रक्तातील साखर वाढलेली. संधिवातासाठी "आयुर्वेदिक चूर्ण" चार महिने चालू होते आणि गुण तर विलक्षण! पुडी पाहिली. साधी प्लास्टिकची पिशवी. नाव नाही, घटक नाहीत, निर्माता नाही. त्यात स्टिरॉइड मिसळले असावे अशी दाट शंका मला आली. आजींच्या मुलाला घेऊन त्या दुकानी गेलो, तर तेथे मोबाइलचे दुकान लागलेले! शेजाऱ्यांना मालकाचे नावही ठाऊक नव्हते. बिल नाही, बॅच क्रमांक नाही. तक्रार करावी तरी कोणाविरुद्ध? आजी उपचारांनी सावरल्या. परंतु त्यांच्या मुलाने जाताना काढलेले उद्गार मला आजही टोचतात. "डॉक्टर, यापुढे आयुर्वेद नको." दुकान नाहीसे झाले, पाटीवरचे नाव मात्र आपलेच होते.

हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आपण घेतलेला आहे. 2004 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. रसौषधींचे शोधन-मारण हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे; परंतु चर्चेची वेळ येण्यापूर्वीच संशय साऱ्या शास्त्रावर पसरला होता.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनुसार आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटक, निर्मात्याचे नाव-पत्ता, निर्मिती परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असणे बंधनकारक आहे. निर्मितीस परवाना लागतो. परंतु किरकोळ विक्रीस ॲलोपॅथिक औषधांप्रमाणे विक्री परवाना लागत नाही. ही मोकळीक आपल्या औषधी दुकानदारांना सोयीची वाटते, हे मी जाणतो. "ग्रामीण भागातील लहान दुकानदाराला निरीक्षकाच्या फेऱ्यांत अडकवू नका," असे आपले ज्येष्ठ सदस्य म्हणतात. त्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या दारातून आपण सुखाने आत येतो, त्याच दारातून तो पुडीवाला आला आणि त्याच दारातून निघूनही गेला, हे कसे विसरावे?

म्हणून मी साध्या विक्री-नोंदणीच्या बाजूचा आहे. दुकानाचा पत्ता आणि जबाबदार व्यक्तीचे नाव, एवढीच तिची व्याप्ती असावी. कायदा होईल तेव्हा होईल; तोवर आपल्या संघटनेने सभासदांसाठी चार नियम स्वतःहून स्वीकारावेत. दुकानाच्या दर्शनी भागी मालकाचे व संबंधित वैद्याचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक लावावा. प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक लिहावा. वेष्टनावर निर्मिती परवाना क्रमांक नसलेले औषध, कितीही नफा मिळो, फळीवर ठेवू नये. आणि जे वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करतात, त्यांना कायद्याने परवान्यातून सूट दिली असली तरी त्यांनी पुडीवर कल्पाचे नाव, दिनांक व स्वतःचे नाव अवश्य लिहावे. हा चौथा नियम मी माझ्या चिकित्सालयात त्या आजींच्या प्रसंगानंतर लागू केला. खरे सांगायचे तर तोपर्यंत माझ्याही पुड्या कोऱ्याच असत.

चरकाचार्यांनी अज्ञात औषधाची गणना विष, शस्त्र, अग्नी यांच्या पंक्तीत केली आहे. औषध अज्ञात ठरते ते केवळ वनस्पतीची ओळख न पटल्याने नव्हे. ते कोणी दिले हे न कळल्यानेही ते अज्ञातच राहते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर गल्ल्यामागचा माणूस कोण, हे विचारण्यास फार उशीर झाला. आपल्या गल्ल्यामागे कोण आहे, हे रुग्णाने विचारण्यापूर्वीच आपण सांगावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय चर्चेस यावा आणि वैद्यबंधू-भगिनींनी तसेच औषधी दुकानदारांनी आपली मते, विरोधी असली तरी, निःसंकोचपणे मांडावीत, ही नम्र विनंती.