कारागिराला शाल नको, वर्गणीदार हवा

एखादी कला मरणपंथाला लागली की आपल्याकडे पुढचे सारे सोपस्कार ठरलेले असतात. सभा भरते, वृद्ध कारागिराला शाल-श्रीफळ दिले जाते, सरकारने अनुदान द्यावे असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कारागीर पुन्हा रिकाम्या हातांनी बसलेला असतो. सत्काराला माझा विरोध नाही. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न पडतो : पुढच्या महिन्याचा कच्चा माल कोणाच्या पैशाने यायचा?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर जपानमधील लाकडी ठशांच्या चित्रांनी दिले आहे. होकुसाईची ती सुप्रसिद्ध उसळती लाट आपण कॅलेंडरांवर नि वह्यांच्या वेष्टनांवर पाहतो. सुमारे १८३१ मधील ते चित्र एकट्या होकुसाईचे नव्हे. त्याने रेखाटन केले. कोरणाऱ्याने ते पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून रेघ न् रेघ कोरली. छापणाऱ्याने पाण्यात कालवलेला रंग ब्रशाने फळीवर पसरला, त्यावर कोझो झाडाच्या सालीपासून केलेला कागद ठेवला आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या चकतीने तो हाताने घासला. छापखान्याचे यंत्र तेथे नाही. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. तरी रंग केसभरही सरकू नये म्हणून प्रत्येक फळीवर कागद टेकवण्याच्या दोन खाचा असतात.

या तिघांच्या मागे चौथा माणूस उभा असे, तो प्रकाशक. फळ्यांचे, कागदाचे, मजुरीचे पैसे तो घाली. चित्र खपले तर नफा त्याचा, पडून राहिले तर तोटाही त्याचाच. आपण कलेच्या इतिहासात चित्रकाराचे नाव पाठ करतो, पण जोखीम कोणी उचलली हे विचारीत नाही.

बहुरंगी छपाईचा जन्मच मुळी या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या काळी जपानात कोणते महिने तीस दिवसांचे आणि कोणते एकोणतीस दिवसांचे, हे वर्षागणिक बदले. अधिकृत पंचांग छापण्याचा हक्क मोजक्यांनाच होता. तेव्हा एदोतील हौशी, सुखवस्तू कविमंडळींनी चित्रातच महिन्यांचे आकडे लपवून ती एकमेकांना भेट देण्याची टूम काढली. १७६५ साली ही चढाओढ ऐन भरात आली आणि सुझुकी हारुनोबूच्या हातून अनेक रंगांची चित्रे निघाली. जादा फळ्या, उंची कागद, महाग रंग यांचा खर्च या मंडळींनी सोसला. पुढे प्रकाशकांनी त्याच फळ्यांवरून आकडे व नावे काढून टाकली आणि तीच चित्रे बाजारात विकली. म्हणजे नव्या तंत्राचे पहिले भांडवल ना सरकारचे, ना सावकाराचे. ते रसिकांच्या एका लहानशा गटाचे होते.

कोणी म्हणेल, या अडीचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या. तर अलीकडचे उदाहरण घ्या. डेव्हिड बुल हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला गृहस्थ १९८६ साली टोकियोत राहायला गेला. ठसे कोरण्याचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. १९८९ च्या आरंभी त्याने संकल्प सोडला : कात्सुकावा शुनशोच्या १७७५ मधील पुस्तकातील शंभर कवींची चित्रे, वर्षाला दहा याप्रमाणे, दहा वर्षांत नव्याने कोरून छापायची. कोरणारा तोच, छापणारा तोच आणि प्रकाशकही तोच. एकटे चित्र विकण्याऐवजी त्याने वर्गणीदार मिळवले. त्यांच्यासाठी तो एक त्रैमासिक पत्रकही काढी, तेही जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. १९९८ च्या अखेरीस शंभरावे चित्र पुरे झाले. २०१२ साली जेड हेन्री या अमेरिकन चित्रकाराबरोबर त्याने इंटरनेटवरून आगाऊ नोंदणी घेतली, तेव्हा तीन लाख डॉलरांवर रक्कम जमली. २०१४ मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात त्याचे दुकान उघडले, आणि त्याच्या हाताखाली तरुण कारागीर तयार झाले.

यातले मर्म आपल्या हिशेबाच्या पुस्तकात आहे. आगाऊ आलेली वर्गणी आपण उत्पन्नात धरत नाही, ताळेबंदाच्या देणे बाजूला लिहितो. वस्तू हाती पडेपर्यंत ते कर्जच. परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम कारागिराच्या बाबतीत किती खरा आहे पाहा! अनुदान घेतले की ते खर्चल्याचे कागद दाखवले म्हणजे झाले. वर्गणी घेतली की दर महिन्याला चांगला माल द्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी माणूस तुटतो. वर्गणीदार खेळते भांडवल देतो आणि शिस्तही लावतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वर्गणीदाराला ओळखीचेच आवडते, म्हणून कारागीर जुन्याच्या नकला करीत बसेल. जपानातही यावरून वाद झाला. स्वतः रेखाटावे, स्वतः कोरावे, स्वतः छापावे, तरच ती निर्मिती, असे मानणारा पंथ विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे निघाला. हा धोका खरा आहे. पण नवे काही करायलाही हात तयार असावे लागतात, आणि कामाविना हात तयार होत नाहीत. दुसरा आक्षेप, आपल्या लोकांना हे जमणार नाही. मग डॉ. केतकरांनी मर्यादित कंपनी काढून, भाग विकून, ज्ञानकोशाचे २३ खंड कसे पुरे केले?

आता आपल्या गावाकडे वळू. शहापूर, खासबाग, वडगावात मागांचा आवाज अजून येतो. पण सूत व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याची, भावही व्यापारीच ठरवणार, तेथे विणकराच्या वाट्याला मजुरी तेवढी उरते. घेणाऱ्याला विणणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. समजा, आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी मिळून साठ जणांनी दरमहा २५० रुपये बाजूला टाकले. महिन्याला १५,००० आणि वर्षाला १,८०,००० रुपये झाले. दोन-तीन हातमाग विणकरांना सूत घेण्यापुरते ते नक्कीच उपयोगी पडतील, आणि साठ घरांत पाळीपाळीने पंचा, चादर, साडी जाईल. सोबत एक पानी पत्रक : वस्त्र कोणी विणले, किती दिवस लागले, काठाचे नाव काय. ते मराठीत आणि कानडीत निघावे. दोन्ही भाषांचे हे मासिक आपण दरवर्षी काढतोच, तेव्हा एका पानाची भर अवघड नाही. हिशेब आम्ही वाणिज्यवाल्यांनी ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी सूचना फलकावर लावावा.

गॅदरिंगमध्ये आपण पाहुण्यांना ज्या शाली देतो त्या कोठे विणल्या जातात, हे कधी कोणी पाहिले आहे काय? निदान पुढच्या वर्षीच्या शाली या मागांवरच्या असाव्यात आणि त्यांचे पैसे विणकराला आगाऊ मिळावेत. सुरुवात करायला एवढे पुरे आहे.